पिंपळाखालची फटफटी

सुकदेव बैसाणे हवालदार निवांत मांडी घालून जेवतोय, असं दृश्य तापीकाठच्या एकाही गावाने अजून पाहिलेलं नाही. डबा उघडला की फोन वाजणार, हे ठरलेलं. वायपाड्यात कुणाच्या विहिरीवरची मोटार गेली, निमळखेड्यात एक जण दारू पिऊन पाण्याच्या टाकीवर चढून बसला, सुरजाण्यात दोन जावा नळाच्या पाळीवरून एकमेकींच्या झिंज्या धरून उभ्या, आणि हे सगळं एकाच दुपारी. म्हणून तो डबा फटफटीच्या टाकीवर ठेवून उभ्याउभ्याच खातो. चावून खातो की नुसता गिळतो, ते त्याचं पोट जाणे.

शिंदखेड्याच्या ठाण्यापासून लांबच्या गावांसाठी सरकारने निमळखेड्याला दोन खोल्यांचं पोलीस दूरक्षेत्र उघडलं आहे. कागदावर तिथे चार माणसं. त्यातला एक कायमचा कोर्टाच्या कामाला जुंपलेला. एक पोरगी होती हुशार, पण बाई पोलीस लागली की तालुक्याचं ठाणं तिला बोलावून घेणार, आणि बाई पोलीस तर रोजच लागते. चौथी जागा भरायचा प्रस्ताव गेला आहे. तो कुठे गेला, कधी परत येणार, हे विचारायची सोय नाही. उरला सुकदेव. तीस-बत्तीस गावं, एक हवालदार, एक सरकारी फटफटी. दर्यामें खसखस! एकशेबाराला फोन केला तर गाडी येत नाही असं नाही, येते. पण तालुक्याहून निघून ती पोचेपर्यंत भांडणारे भांडून, रडून, जेवून झोपलेले असतात.

खात्यात तो हवालदार, गावांना तो ‘जमादार’. पायाला भिंगरी, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी. भीमजयंतीला सगळी वस्ती निळ्या झेंड्यांनी सजते, तेव्हा हा गडी दुसऱ्याच्या गावच्या मिरवणुकीपुढे काठी घेऊन चालत असतो. घरच्या खिरीची वाटी दुसऱ्या दिवशी गार होऊन त्याच्यापुढे येते. त्याची बायको प्रमिलाबाई धुळ्याला क्वार्टरमध्ये राहते आणि तिच्या जिभेला धार आहे. तिच्याबद्दल पुढे येईलच.

आता फटफटीची गोष्ट. ती युक्ती सुकदेवने काढली नाही, ती त्याच्या नशिबाने त्याच्या पदरात टाकली. एकदा वायपाड्याच्या चावडीपुढे, पिंपळाखाली, फटफटी जी बंद पडली ती पडलीच. मेकॅनिक मिळेना, म्हणून ती तिथेच सोडून सुकदेव एसटीने निघून गेला. काही दिवसांनी परत आला तर वायपाड्याचा पोलीस पाटील भाईदास तोंडावर हात धरून हसतोय. पोलीस पाटील म्हणजे गावातलाच माणूस, पोलिसांचा डोळा आणि कान. भाईदासला देवाने तोंडही तेवढंच मोठं दिलं होतं.

“जमादार, जधळपाईन तुमनी फटफटी आठे उभी शे, तधळपाईन गावमा एक भांडन नही! हातभट्टी बंद, पत्ताना डाव बंद. तुमनापेक्षा तुमनी फटफटीले लोके जास्त घाबरतस.”

सुकदेव आधी हसला, मग त्याच्या डोक्यात किडा वळवळला. त्या दिवसापासून ज्या गावात काही शिजतंय असा वास येई, तिथे तो फटफटी उभी करी, आरशाला टोपी अडकवी आणि मागच्या वाटेने कुणाच्या तरी गाडीवर बसून दुसऱ्या गावाला पसार होई. वायपाड्यात भाईदासने तर या नाटकाला रंगच भरला. सकाळी फटफटी पिंपळाखाली, दुपारी ढकलत चावडीच्या सावलीत. आतल्या खोलीत खाट टाकलेली, खुंटीला खाकी सदरा. हॉटेलातून दोन चहा मागवायचे, एक जमादारांचा म्हणून आत न्यायचा आणि दोन्ही आपणच प्यायचे. त्या युक्तीने गावात शांतता आली आणि भाईदासला पित्त झालं.

प्रमिलाबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “एक दिवस माझ्याही दारात ठेवून जा की ती फटफटी. शेजारणींना वाटू दे, हिलाही नवरा आहे म्हणून.”

सुकदेवने ते हसण्यावारी नेलं. मनातून त्याला ते लागलं होतं, पण लागलेलं कुरवाळत बसायला वेळ कुणाला होता?

वायपाड्यात त्या साली खरी धग होती ती द्रौपदाबाईच्या बांधाची. द्रौपदाबाई विधवा, साठी ओलांडलेली, अंगाने काडी पण कण्याने ताठ. तिला एकच मुलगा, योगेंद्र. त्यांच्या शेताला लागून नवऱ्याच्या चुलतभावाचं, रुपचंदचं शेत. मध्ये बांध, बांधावर एक कडूनिंब. रुपचंद दर उन्हाळ्यात नांगरट करताना बांध वीतभर कोरायचा. असं करता करता बांध बैलाच्या पाठीएवढा होता तो कुत्र्याच्या पाठीएवढा झाला. यंदा त्याने पारावर बसून सांगून टाकलं होतं की आखाजीला सगळं गाव आमरस ओरपत असेल तेव्हा आपण निंबासकट बांध साफ करणार, मग बसा सरकारी मोजणीवाल्याची वाट बघत.

सुकदेवने दोघांना चावडीत समोरासमोर बसवलं. मोजणी होईपर्यंत कुणी नांगर घालायचा नाही, असं कबूल करून घेतलं. रुपचंदने मान हलवली, पण त्याचे डोळे मानेबरोबर हलले नाहीत. योगेंद्र तरणा, रक्त गरम. तो मुठी आवळून बसला होता. बाहेर पडताना द्रौपदाबाईने सुकदेवचा हात धरला.

“जमादार, मना अंडोर एकच शे रे भाऊ. आखाजीले तू आठे ऱ्हाशी ना?”

“ऱ्हासू ना, अक्का. मी आठेच शे. योगेंद्रले सांग, हात उचलू नको.”

आणि शब्द दिल्यावर दोनच दिवसांनी तालुक्याहून साहेबांचा फोन आला: आखाजीला सुरजाण्याच्या नाल्यावर बंदोबस्त.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात ती नुसती तिथी नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. पुरुष वर्षातून एकदा उजळ माथ्याने पत्ते पिसतात. आणि गौराई बोळवायला निघाल्या की सुरजाण्याच्या पोरी नाल्याच्या या काठावर आणि निमळखेड्याच्या त्या काठावर उभ्या राहून एकमेकींच्या गावाला गाण्यातून अशा काही शिव्या देतात, की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत. ही रीत जुनी, आणि मजेची. पण मागल्या साली पोरींच्या गाण्यात पोरं घुसली, ढेकळांच्या जागी दगड आले, एकाचा डोळा थोडक्यात वाचला. साहेबांचं म्हणणं बरोबरच होतं, नाल्यावर पोलीस हवा होता. द्रौपदाबाईचंही बरोबर होतं. चुकीचं एवढंच होतं की दोन्ही बरोबरांना मिळून पोलीस एक होता.

“साहेब, वायपाड्याला कुणी तरी द्या,” सुकदेव म्हणाला.

“माणूस असता तर तुम्हाला फोन केला असता का, बैसाणे?”

मग उरली फटफटी. आखाजीच्या सकाळी सुकदेवने ती वायपाड्याच्या पिंपळाखाली अशी लावली की रुपचंदच्या घरावरून शेताकडे जाणाऱ्या वाटेवरून ती दिसलीच पाहिजे. टोपी आरशाला. भाईदासला म्हणाला, “काही खुट्ट झालं तरी फोन करा.” आणि चावडीच्या मागून, दुधाच्या गाडीवर बसून तो सुरजाण्याला गेला. जाताना द्रौपदाबाईचं घर वाटेत होतं. ओट्यावर ती घागरीला सूत गुंडाळत बसलेली त्याला दिसली. उतरावं, सांगावं, ‘अक्का, मी चाललो’, असं त्याच्या जिभेवर आलं. पण सांगितलं तर गावभर होणार, मग फटफटीचा उपयोग काय? त्याने तोंडावर रुमाल ओढला आणि गाडी पुढे गेली.

नाल्यावर त्या दिवशी काही म्हणजे काही झालं नाही. पोरी गायल्या, खिदळल्या, एक-दोन ढेकळं इकडून तिकडे गेली. दोन्ही काठांना ढोल वाजत होते. सुकदेव मात्र तव्यावर उभा असल्यासारखा या पायावरून त्या पायावर. सारखा फोन काढून बघत होता. नाला खोलगट, रेंजचा पत्ता नाही. चढावर जाऊन बघावं तर खाली पोरं पुढे सरकतात, खाली यावं तर फोन मुका. एक म्हातारी त्याला म्हणाली, “जमादार, बस ना थोडा, का बरं असा करी ऱ्हायना?” तो बसला आणि लगेच उठला. आत काही तरी कुरतडत होतं, आणि ते काय आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

वायपाड्यात काय चाललं होतं, ते त्याला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

दुपारी द्रौपदाबाई चावडीवर आली. हातात झाकलेलं ताट, त्यात पुरणपोळी आणि रसाची वाटी. घरून निघतानाच तिने रुपचंदच्या ट्रॅक्टरला नांगर जोडलेला पाहिला होता, सणाच्या दिवशी! तेच जमादाराच्या कानावर घालायला ती आली होती. पिंपळाखाली फटफटी बघून तिचा जीव भांड्यात पडला. भाईदास ओट्यावर होता.

“जमादार कठे शे?”

इतक्या दिवसांची सवय. शेजारच्या पारावर पत्त्यांचा डाव रंगलेला, सगळ्यांचे कान इकडे. आतल्या खोलीकडे बोट गेलं आणि भाईदासच्या तोंडून नेहमीचंच वाक्य बाहेर पडलं, “मझार झोपेल शेतस. रातभर बंदोबस्त व्हता ना.”

पुढचं सांगताना भाईदास प्रत्येक वेळी अडखळायचा. त्याला वाटलं, ती म्हणेल, उठव त्याला. मग तिला आत घेऊन हळूच खरं सांगता आलं असतं. पण द्रौपदाबाई तसं म्हणालीच नाही.

“झोपू दे रे त्याले,” ती म्हणाली. “सणना दिवस, बिचारानं घर ना दार. उठना का मी वाढसू. तो आठे शे ना, मंग मले कसानी चिंता?”

आणि ती दारापाशी बसली. ताटावर पदर धरून. कुत्रं आलं तर हाकलत होती, पारावरची पोरं ओरडली तर त्यांना दटावत होती, “हळू बोला रे, जमादार झोपेल शे.” रिकाम्या खोलीची झोप मोडू नये म्हणून ती म्हातारी तिथे राखण करत बसली. आणि घरून निघताना पोराला सांगून आली होती, “तू फक्त बांधवर उभा ऱ्हाय. हात उचलू नको. जमादार गावमाच शे, काही व्हयनं ते मी त्याले लईसन येस.”

फोन लावायला भाईदास देवळाच्या पायऱ्यांवर गेला, टाकीपाशी गेला. फोन लागेना.

आणि रुपचंद? त्यानेही फटफटी पाहिली होती. सुकदेवची सगळी मदार यावर होती की रुपचंद ती बघेल आणि भिईल. रुपचंदने ती बघितली आणि वेगळाच हिशेब केला. फटफटी चावडीवर, म्हणजे जमादार चावडीवर. जमादार चावडीवर, म्हणजे शेतात नाही. फटफटी नसती तर जमादार कुठून उगवेल या धाकाने त्याने दहा वेळा मागे वळून पाहिलं असतं. त्या दिवशी त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

योगेंद्र आईने सांगितल्याप्रमाणे बांधावर उभा राहिला. निंबाला पाठ लावून, हात खाली. तो गरम डोक्याचा पोरगा त्या दिवशी गाईसारखा उभा राहिला, कारण पोलीस येणार होता. रुपचंद ट्रॅक्टरवरून उतरला, म्हणाला सरक. पोरगा सरकला नाही. फावड्याचा दांडा पहिल्यांदा खांद्यावर बसला, मग कोपरावर, मग पुन्हा कोपरावर.

शेताकडून आरोळी आली तेव्हा द्रौपदाबाई उठली. ताट खाली ठेवलं आणि पहिल्यांदा तिने दार वाजवलं. “जमादार, ऊठ! ऊठ रे भाऊ!” तिने दार लोटलं. आत खाट होती, खाटेवर घडी न मोडलेली सतरंजी, आणि खुंटीला खाकी सदरा.

नाल्यावरचा बंदोबस्त संपवून सुकदेव पोचला तोवर योगेंद्रला जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं होतं. बांध गेला होता. निंब तेवढा राहिला, मुळं उघडी पडलेला. फटफटी पिंपळाखालीच होती. चावडीच्या ओट्यावरच्या ताटातल्या पुरणपोळीला मुंग्या लागल्या होत्या. भाईदास डोक्याला हात लावून बसला होता. सुकदेवने आरशावरची टोपी काढली. ती डोक्यावर घालायचा त्याला धीर झाला नाही, तशीच हातात धरून तो उभा राहिला.

रुपचंदला त्याने त्याच संध्याकाळी पकडलं, गुन्हा दाखल झाला, सगळं रीतसर झालं. साहेबांपुढे उभा राहून त्याने फटफटीचं नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकलं. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं त्याला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमची ड्यूटी नाल्यावर होती. नाला शांत राहिला. तुमची काही चूक नाही.” चूक नाही हे ऐकून माणसाला इतकी चीड येऊ शकते, हे सुकदेवला त्या दिवशी कळलं. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांच्याकडे त्याला द्यायला माणूस नव्हता, तसा रागही नव्हता.

मग त्याची झोपच गेली. दिवसा गावं, रात्री छत. धुळ्याच्या क्वार्टरमध्ये तो पहाटे उठून दारातल्या फटफटीभोवती फेऱ्या मारू लागला. प्रमिलाबाईने दोन-तीन दिवस पाहिलं. एरवी तोंडाळ बाई, पण या वेळी चहाचा कप हातात देत एवढंच म्हणाली, “मला सांगितलंत, साहेबांना सांगितलंत. जिला सांगायचं तिला कधी सांगणार?”

दवाखान्यात योगेंद्रचा हात छातीला बांधलेला. कोपर जुळेल, पण बोटं पूर्वीसारखी मिटतील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. सुकदेवला बघून पोरगा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. द्रौपदाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

“अक्का, मी तठे नही व्हतू,” सुकदेव म्हणाला. “फटफटी ठेईसन मी सुरजाणेले गयथू. तू ओटावर बशेल व्हती तधळ मी तुले देखं बी. सांगं नही.”

“म्हाईत शे,” ती म्हणाली. “दार मीच लोटं ना.”

बराच वेळ ती पोराच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, “तू नही शे, इतलं सांगं ऱ्हातं ना भाऊ, ते मी पोऱ्याले बांधवर उभं करं नही ऱ्हातं. आम्ही आमनं देखी लेतूत. पळी जातूत, दार लाईसन बसतूत. बांध गया ते गया. पन तू शे असं समजीसन आम्ही हात बांधीसन उभा ऱ्हायनूत.”

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर सुकदेवला तिथून उठून जाता आलं असतं. तो खाली मान घालून बसून राहिला. कुठल्याही फोनला न उठता तो इतका वेळ बसला, ही त्याच्या नोकरीतली पहिलीच खेप.

पावसाळा लागायच्या सुमाराला रुपचंद जामिनावर सुटून घरी आला. त्याचं घर द्रौपदाबाईच्या घरासमोरच, मध्ये बैलगाडीपुरता रस्ता. सुकदेव रोज वायपाड्याला चक्कर मारू लागला. कधी सकाळी, कधी दिवेलागणीला, बाकीच्या गावांच्या शिव्या खाऊन. फटफटी मात्र तो आता क्षणभरही सोडत नव्हता. जिथे तो, तिथे ती. त्या खुणेची त्याला शिसारीच आली होती.

एका संध्याकाळी तो द्रौपदाबाईच्या ओट्याशी उभा होता. योगेंद्र आत डाव्या हाताने जेवत होता. समोर रुपचंद आपल्या दारात बसून बिडी ओढत इकडे बघत होता. तेवढ्यात फोन वाजला. सुरजाण्याला पुन्हा काही तरी पेटलं होतं. घरामागच्या रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी तिकडेच निघालेली दिसत होती. सुकदेवने फटफटीला किक मारायला पाय उचलला.

“तिले कोठे लई चालना?” द्रौपदाबाई हळूच म्हणाली. “ऱ्हाऊ दे आठेच, मना ओटाले. तू त्या गाडीवर जाय, मांगला दारतीन.”

सुकदेव तिच्या तोंडाकडे बघत राहिला. “अक्का, तू सांगस हे? तिन्हापायीच ते—”

“त्याले वाटू दे तू मझार जेवी ऱ्हायना,” तिने डोळ्यांनीच समोरचं दार दाखवलं. “त्या दिन तू चावडीमा शे असं त्याले वाटनं, म्हनीसन तो वावरमा गया. आज तू मना घरमाच शे असं वाटू दे. दोन ताटं वाढस मी. चहा बी दोन करस. त्याले नको सांगू. पन मले सांगीसन जाय.”

सुकदेवने पाय खाली घेतला. टोपी काढून आरशाला अडकवली. मग तो घरात शिरला, योगेंद्रच्या ताटाशेजारून, चुलीपुढून, मागच्या दारापर्यंत. उंबऱ्यावर थांबला. हे वाक्य बोलायला त्याला एक आखाजी उशीर झाला होता.

“मी चालनू, अक्का. सुरजाणेले. कव्हय येसू, सांगता येत नही. रातले येसूच असं बी नही.”

“बरं,” द्रौपदाबाई म्हणाली. “मंग मी दार लाई लेस.”

तो पायरी उतरला. त्याच्या मागे कडी सरकली, मग अडसर पडला, जाडजूड, लाकडी. सुकदेवने दार ढकलून पाहिलं. ते हललं नाही. मग तो गाडीकडे पळत सुटला.